अभिप्राय कुणाचा?

बेघरांबद्दल राज्य शासन काही ठरवायला बसलं, की कागदपत्रांत एक वाक्य हमखास येतं : 'स्थानिक स्वराज्य संस्थांचे अभिप्राय मागवण्यात आले आहेत.' वाचणाऱ्याला वाटतं, चला, खालच्या माणसांना विचारलं गेलं. पण माझ्या पाहण्यात हा अभिप्राय साहेबांच्या टेबलावर तयार होतो आणि त्यात अतिक्रमण खात्याचा शब्द सर्वांत जड असतो. ज्या खात्याची गाडी पहाटे येऊन बायकांची भांडी, ताडपत्री, पोरांची दप्तरं उचलून नेते, त्यालाच विचारायचं, या बायकांचं काय करावं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

कायदा कुणाच्या नजरेतून लिहिला जातो ते बघा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४ आयुक्तांना पदपथावरचं झोपडं नोटीस न देताही हटवण्याचा अधिकार देतं. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं मान्य केलं, पण कलम ३१४ वैध ठरवलं. हटवण्यासाठी इतकं धारदार कलम. निवारा कधी, कुठे, किती द्यायचा यासाठी तितकंच धारदार कलम त्या कायद्यात नाही.

त्याच्या जोडीला १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. उघड दिसणारं उपजीविकेचं साधन नसताना सार्वजनिक जागी अशा तऱ्हेने फिरणं वा थांबणं, की ही व्यक्ती भिकेवर जगत असावी असं वाटेल, ही सुद्धा भीकच! वॉरंटशिवाय अटक, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कोंडून ठेवण्याची सोय. रात्री गजरे ओवून दमलेली बाई दुपारी देवळाच्या पायरीवर डोळा लागून पडली, तर तिचं 'साधन' कुणाला दिसणार? २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्याची भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो उभा आहे. केंद्राने २०१६ मध्ये निराधारांसाठी आदर्श विधेयकाचा मसुदा केला होता, तो बासनात गेला.

काही मैत्रिणी म्हणतात, हा घरबांधणीचा प्रश्न आहे, स्त्रीप्रश्न नव्हे. मला हे मुळीच पटत नाही. पदपथावरच्या किती बायका थेट गावाहून आल्या आणि किती जणींना नवऱ्याने, सासरने, कधी भावानेच घराबाहेर काढलं, हे त्यांच्याशेजारी बसून ऐका. ऐंशीच्या दशकात परित्यक्तांसाठी आपण रस्त्यावर उतरलो. त्यांतल्याच काहीजणी रस्त्यावर राहतात, एवढाच काय तो फरक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, पण तो मिळेतो ती झोपणार कुठे? बायका आळीपाळीने जागतात. संडासाला पैसे, अंघोळीला पैसे, म्हणून पाणी कमी पितात, मग लघवीची दुखणी. निवाऱ्यात जागा मिळाली तरी दहा-बारा वर्षांच्या मुलाला आत घेत नाहीत. मुलाला बाहेर टाकून आत झोपणारी आई मी तरी पाहिलेली नाही. ती परत पदपथावर येते, आणि वहीत नोंद होते : 'लाभार्थी स्वतःहून निघून गेली.'

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना सांगितलं, लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षभर, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई त्या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही. 'जागा नाही' हा तयार अभिप्राय!

७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांचं हितरक्षण ही कामं नगरपालिकांकडे देण्याची वाट मोकळी केली. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. त्या काळात महापालिकेचा म्हणून जो काही अभिप्राय गेला, तो प्रशासकाचा.

तेव्हा आपल्या मागण्या वॉर्डापासून सुरू व्हाव्यात. राज्याने मसुदा पाठवला की तो मराठीत वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लागावा. सुनावणी पदपथावर, संध्याकाळी कामं आटोपल्यावर व्हावी. तिथे बेघर बायकांचं म्हणणं नोंदवून त्यांना वाचून दाखवल्यावरच अभिप्राय मंत्रालयात जावा. अतिक्रमण खात्याचं मत स्वतंत्र जोडा, त्याला महापालिकेचं मत म्हणू नका. नगरसेविकांनी सभागृहात ठराव मांडावा : भीक प्रतिबंधक कायदा रद्द करा, निवारा हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य करा, आणि आई व मूल एकत्र राहतील असे निवारे आधी उघडा. आपल्या वॉर्डातली नगरसेविका हा ठराव मांडायला तयार आहे का, हे प्रत्येक गटाने याच महिन्यात तिच्या दारी जाऊन विचारावं. जाताना पदपथावरच्या दोघी-चौघींना सोबत न्यावं, बोलायला त्यांनाच पुढे बसवावं.