२२०२ म्हणजे काय रे भाऊ?

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्राचं बजेट येतं आणि ग्रुपवर ठरलेला फॉरवर्ड फिरतो : काय स्वस्त, काय महाग. दोन-चार मीम्स, मिडल क्लासच्या नावाने गळा काढणं, की विषय संपला. गंमत म्हणजे १ जुलै २०१७ला जीएसटी आला, तेव्हापासून बहुतेक वस्तूंवरच्या कराचे दर बजेटमध्ये ठरतच नाहीत. ते जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतात. बजेटकडे मुख्यतः उरली ती कस्टम ड्युटी. तरी यादी फिरतेच, कारण बजेटमधलं आपल्याला कळतं ते तेवढंच.

बाकीचं का कळत नाही? आपण आर्ट्सचे म्हणून? कॉमर्सवाल्यांना विचारून बघा, तेही खांदे उडवतील. 'लेखाशीर्ष', 'पुरवणी मागण्या', 'विनियोजन' असल्या शब्दांचे जाडजूड ग्रंथ वेबसाइटवर टाकले, की सरकारच्या लेखी पारदर्शकता झाली. आम्हाला हे मान्य नाही. ज्याचे पैसे खर्च होणार आहेत त्याला वाचता येत नसेल, तर ते कागद उघड्यावर असले काय आणि कपाटात असले काय!

खरं तर ही भाषा वाटते तेवढी अवघड नाही. प्रत्येक खर्चाला चार आकडी मुख्य लेखाशीर्ष असतं आणि ते केंद्रात आणि सगळ्या राज्यांत सारखंच असतं. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे आरोग्य. पहिला आकडा २ असेल तर तो पगार, शिष्यवृत्ती, वीजबिल असा रोजचा महसुली खर्च. त्याच जागी ४ आला की भांडवली, म्हणजे इमारत वगैरे उभी करण्याचा. म्हणून ४२०२ खाली काय आहे ते बघितलं, की शिक्षणाच्या नव्या इमारतींवर सरकार किती खर्च करणार आहे याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट रकान्यांची. केंद्राच्या कागदपत्रांत एका योजनेपुढे चार आकडे असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात गाजतो तो शेवटचा. समजा, वसतिगृहांसाठी १०० कोटींची घोषणा झाली. टाळ्या पडल्या, हेडलाइन झाली. पुढच्या बजेटात सुधारित अंदाज गुपचूप ६० कोटींवर आला. त्याच्या पुढच्या बजेटात प्रत्यक्ष खर्च दिसला ४० कोटी. तोवर ज्या पोराने हॉस्टेलची वाट बघत कॉट बेसिसवर दिवस काढले, तो थर्ड इयरची परीक्षा देऊन गावी परतलेला असतो. त्या ४० कोटींवर मीम होत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर 'बीम्स' नावाच्या सरकारी प्रणालीत तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती याचे आकडे असतात. पण लेखाशीर्ष माहीत नसेल तर तिथे हरवायला होतं. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून कामं सुचवून घेऊन ती बजेटमध्ये घ्यायला सुरुवात केली. फुटपाथ, दिवे, बसथांबा अशी छोटी कामं. चांगलीच सुरुवात म्हणायची. मात्र सुचवलेलं काम का घेतलं, का वगळलं आणि घेतलं तर पूर्ण झालं का, हे सुचवणाऱ्याला घरबसल्या कळलं पाहिजे. नाहीतर तो नुसता सूचनापेटीचा खेळ.

यात कुणी मेहेरबानी करायची नाहीये. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपलं बजेट, प्रस्तावित खर्च आणि दिलेल्या रकमांचा तपशील, कुणी अर्ज करण्याची वाट न बघता जाहीर करायचा असतो. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर त्यालाही हे लागू आहे. आमची मागणी फक्त एक पाऊल पुढची : साध्या मराठीत चार पानी पुस्तिका, आणि आकडे स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये. बेरीज आम्ही करू.

तोवर एक करा. कॉलेजची वेबसाइट उघडून कलम ४ ची माहिती शोधा. सापडली तर शेवटचं अपडेट कोणत्या वर्षीचं आहे ते बघा. नाही सापडली तर ऑफिसात जाऊन जनमाहिती अधिकारी कोण आहेत ते विचारा. त्यांच्या नावाचा फलक तिथे असायलाच हवा.