रंगाआडचा गंज

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ‘पद्मिनी’ आजही काही घरांत जिव्हाळ्याने जपली जाते. अशी जुनी गाडी विकत घेताना मात्र रंगाच्या झळाळीवर भिस्त ठेवू नये. सजवलेल्या ताळेबंदात बुडीत कर्ज लपते, तसा नव्या रंगाखाली गंज लपतो. या गाडीला स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याची कायाच सारा भार वाहते. त्यामुळे दाराखालचे उंबरठे पोखरलेले असतील, तर प्रश्न शोभेचा राहत नाही, आत बसणाऱ्यांच्या जिवाचा होतो.

मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक उंबरठ्यांवरून व चाकांच्या कमानींवरून फिरवावे. जेथे त्याची पकड सुटते, तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. पायाखालची मॅट आणि डिकीतील स्टेपनी उचलून तळ पाहावाच. विक्रेता त्यास कां-कूं करू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

गाडी घरी आल्यावर दारांच्या तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. ती तुंबली की दार आतून कुजते. पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारून घ्यावे. चातुर्मासात गाडी फारशी बाहेर निघत नसेल, तर ओल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये. आतली ओल कोंडून राहते.