दातांचे इम्प्लांट ‘वय वंदना’ कार्डात बसत नाही: मग पैसे खर्च करण्याआधी काय ठरवायचे?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत ‘वय वंदना’ कार्ड मिळू लागले. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे हे संरक्षण आहे. नाशिकमध्येही अनेक घरांत आजी-आजोबांची कार्डे निघाली, आणि दातांच्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला: “या कार्डावर दात बसवता येतील का?”

उत्तर सरळ आहे. पडलेल्या दातांच्या जागी इम्प्लांट बसवायचे असेल, तर नाही. योजनेतून वगळलेल्या उपचारांच्या यादीत दातांचे इम्प्लांट स्पष्टपणे नमूद आहे. अपघात, गाठ किंवा सिस्ट यांमुळे रुग्णालयात दाखल होऊन जबड्याच्या हाडावर उपचार करावे लागले, तर त्याला अपवाद आहे. खासगी आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्येही दातांचे उपचार अपघाताखेरीज बसत नाहीत. म्हणजे हा खर्च बहुतेक कुटुंबांच्या खिशातूनच होतो. म्हणूनच निर्णय जाहिरातीच्या वेगाने नव्हे, तुमच्या तोंडाच्या स्थितीनुसार व्हायला हवा.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. हाड त्याला हळूहळू घट्ट धरते. खालच्या जबड्यात याला साधारण ३ ते ४ महिने लागतात, वरच्या जबड्यात कधी ६ महिनेही. त्यानंतर त्यावर कॅप बसते. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. आज योग्य रुग्णात, चांगली निगा असेल तर, १० वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक इम्प्लांट टिकून असतात.

‘तीन दिवसांत पक्के दात’ असे फलक तुम्ही पाहिले असतील. काही रुग्णांमध्ये लवकर दात बसवता येतात, हे खरे. पण त्यासाठी हाड पुरेसे आणि घट्ट असावे लागते, आणि बऱ्याचदा ते दात तात्पुरते असतात. हाड भरून येण्याचा काळ जाहिरातीमुळे कमी होत नाही.

कोणाला फायदा जास्त?

एकच दात पडला आहे आणि शेजारचे दोन्ही दात निरोगी आहेत, तर इम्प्लांटचा विचार जरूर करा. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, इम्प्लांटला लागत नाहीत. शेजारच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल, तर मात्र ब्रिज हा चांगला आणि बहुधा स्वस्त पर्याय ठरतो.

खालचे सगळे दात गेले आहेत आणि कवळी हलते, भाकरी चावताना सुटते, अशी तक्रार असेल तर पूर्ण जबडाभर इम्प्लांट लागतीलच असे नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा असे मत मांडले. आठ इम्प्लांटचा अंदाजपत्रक हातात पडला असेल, तर “दोनवर भागेल का?” हे विचारायला संकोच करू नका.

शेवटची एखादी दाढ गेली असेल आणि बाकीच्या दातांनी नीट चावता येत असेल, तर काहीच न बसवणे हाही पर्याय असू शकतो.

कोणी थांबावे?

- तंबाखू, बिडी, सिगारेट, मशेरी: महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय संपलेली नाही. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. तंबाखू किंवा सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल, तर आधी त्याची तपासणी हवी.
- मधुमेह: मधुमेह म्हणजे इम्प्लांटला कायमची मनाई नव्हे. पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी आटोक्यात येईपर्यंत थांबा.
- हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे: विशेषतः कॅन्सरच्या उपचारात दिलेली इंजेक्शने. यांमुळे जबड्याची जखम भरत नाही असे होऊ शकते. ही माहिती दंतवैद्यांना आवर्जून सांगा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.
- हिरड्यांतून रक्त, पू, हलणारे दात: आधी हिरड्यांचा उपचार. इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीचे हाड अशाच जंतुसंसर्गाने झिजते.
- १८ वर्षांखालील मुले: जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट नको.

पैसे भरण्याआधी विचारा

लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात स्क्रू, मधला जोड, कॅप, सीबीसीटी स्कॅन आणि लागल्यास हाड भरण्याचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असावा. इम्प्लांटची कंपनी आणि क्रमांक असलेले स्टिकर तुमच्या फाईलला लावून घ्या. दहा वर्षांनी जोड सैल झाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना तेच उपयोगी पडेल. डॉक्टरांची नोंदणी आणि इम्प्लांटचे प्रशिक्षण यांबद्दल विचारणे हा तुमचा हक्क आहे.

दुसरे मत घ्या. नाशिकमध्ये पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो, मात्र फेऱ्या जास्त होऊ शकतात.

फेऱ्यांचा हिशेब घरात आधीच करा. सुरगाणा किंवा पेठहून आजोबांना कोण आणणार? निफाड, दिंडोरीत द्राक्षाची तोडणी सुरू असताना टाके काढायला कोणाला वेळ आहे? इम्प्लांट बसल्यावरही दर सहा महिन्यांनी तपासणी आणि रोज दोन वेळा नीट सफाई लागते. हात थरथरणाऱ्या किंवा विसरभोळ्या झालेल्या ज्येष्ठांची सफाई करणारे कोणी घरात नसेल, तर काढून धुता येणारी चांगली कवळीच त्यांच्यासाठी योग्य असू शकते.

दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाड सर्वाधिक झिजते, म्हणून निर्णय वर्षानुवर्षे लांबवू नका. पण “आजच पैसे भरले तर सवलत” असे कोणी म्हणाले, तर दोन-तीन आठवडे विचाराला घेतल्याने तुमचे नुकसान होत नाही. त्या वेळात साखर तपासा, तंबाखू सोडायला सुरुवात करा आणि दुसऱ्या दंतवैद्यांना दाखवा.