नीतिशास्त्राला शिक्षक द्या

प्रति,
मा. कुलगुरू आणि अभ्यासमंडळाचे सदस्य यांस,
कळंब-वालचंदनगर परिसरातील पालक, माजी विद्यार्थी व तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक यांच्या संघटनेचे मागणीपत्र.

2019 साली शासनाने नीरा-देवघर धरणाच्या पाण्याचे वाटप बदलले. डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरला मिळणारे जादा पाणी बंद करून ते उजव्या कालव्याला, म्हणजे फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे द्यायचे ठरले. पुढच्याच वर्षी वाटप पुन्हा फिरले. त्या दिवसांत पोरे टपरीवर तावातावाने ‘आमचा हक्क’ म्हणत होती. हक्क कुणाचा? वर्षानुवर्षे पाणी वापरणाऱ्याचा, कागदावर लाभक्षेत्र असणाऱ्याचा, की ज्याची विहीर आटली त्याचा? आणि कालव्याच्या टेलच्या गावाला पाण्याची पाळी न देता वरच्याने ऊस भिजवला, तर तो कोणता न्याय? हे प्रश्न नीतिशास्त्राचे आहेत. पदवी हातात पडेपर्यंत ते आमच्या मुलांना कुणी विचारलेच नाहीत.

मूल्यशिक्षणाचा तास आहे, नाही असे नाही. पण ज्याचा कार्यभार भरत नाही त्याच्या गळ्यात तो पडतो. मग चार सुविचार, दोन थोरांची चरित्रे आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्न. उलट केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा स्वतंत्र पेपर ठेवला आहे. त्यासाठी तालुक्यातली मुले पुण्यात खोली घेतात, क्लासची फी भरतात आणि तिथे कांट पाठ करतात. पाठ केलेला कांट काय कामाचा, ते सोडा. पण ज्याच्या बापाला ही फी परवडत नाही, त्याने काय करावे?

बी.ए.ला स्पेशल तत्त्वज्ञान आम्ही मागत नाही. पटसंख्येचे गणित आम्हालाही कळते. मात्र कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांना एक पूर्ण सत्र नीतिशास्त्र असावे आणि ते तत्त्वज्ञानात एम.ए. केलेल्यानेच शिकवावे. एका महाविद्यालयाला पूर्णवेळ पद झेपत नसेल, तर बारामती-इंदापुरातील दोन-तीन महाविद्यालयांत मिळून एक पद द्या; पण पगार महिन्याचा हवा, तासावर मोजलेला नको.

मराठीत पुस्तके नाहीत ही सबब चालणार नाही. दे. द. वाडेकरांनी संपादिलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश 1974 सालचा आहे. तो प्रत्येक ग्रंथालयात यावा, ‘परामर्श’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाचे अंक यावेत, आणि कपाटाला कुलूप नसावे.

परीक्षेत इंदापूरच्या मुलाला पाणीवाटपातली सांगोल्याची बाजू लिहायला लावावी. गुण मांडणीला द्यावेत, बाजूला नव्हे.

अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. आमचे दोन प्रतिनिधी स्वखर्चाने हजर राहतील.