इंजिनाला थंड हवा, मिस्त्रीला धूळ

कारचा एअर फिल्टरचा मूळ डबा काढून टाकायचा, त्या जागी पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमचा पाईप बसवायचा आणि त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. गाडीशौकीन तरुण या जुगाडाला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात. इंजिनाला थंड हवा मिळते, पिकअप वाढतो, मायलेज सुधारते, असा त्यांचा समज असतो. भद्रावतीसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि रस्त्यावरून कोळशाचे ट्रक धावत असतात. तिथे या जुगाडाचा फायदा नगण्य आहे. त्याची किंमत मात्र गाडीमालकाच्या आधी गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा आपल्या फुप्फुसांनी मोजतो.

यामागचे विज्ञान खोटे नाही. हवा थंड असली की दाट असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. त्यामुळे प्रत्येक वेळी सिलिंडरमध्ये जास्त हवा गेली, तर जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. हवेचे तापमान तीन अंशांनी वाढले की तिची घनता साधारण एक टक्क्याने कमी होते. बोनेटखालची ६५ अंशांची हवा बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास सहा टक्के विरळ असते. हिशेब बरोबर आहे, पण तो लावला चुकीच्या ठिकाणी जातो.

बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीनेच हवेचे तोंड पुढच्या जाळीमागे किंवा हेडलाइटच्या बाजूला ठेवलेले असते. म्हणजे इंजिन आधीपासून बाहेरचीच हवा घेत असते. घरी केलेल्या जुगाडात उघडा फिल्टर अनेकदा बोनेटच्या आतच राहतो आणि इंजिनाच्या उष्णतेत तापलेली हवा ओढतो. थंड हवेसाठी केलेल्या खर्चातून गरम हवा मिळते. शिवाय कोणताही पाईप बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. उन्हाळ्यात बाहेरच ४६ अंश असतील, तर पाईप तरी काय करणार? आणखी एक गोष्ट. शहरात गाडी चालवताना ॲक्सिलरेटर क्वचितच पूर्ण दाबला जातो. पेट्रोल इंजिनात तेव्हा थ्रॉटलच हवा अडवून धरत असतो. त्या वेळी थोडी दाट हवा मिळाल्याने चालकाला फरक जाणवत नाही. जाणवतो तो आवाज. मूळ डबा इंजिनाचा घोंघाट दाबतो. तो काढला की गाडी गुरगुरते आणि त्या गुरगुरीलाच ताकद समजले जाते.

खरा प्रश्न थंडाव्याचा नसून धुळीचा आहे. इथे शरीराशी तुलना उपयोगी पडते. माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. बाराशे सीसीचे इंजिन दोन हजार फेऱ्यांवर पूर्ण दाबले, तर मिनिटाला हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. आपले नाक सहसा हवा थंड करत नाही. उलट ती गरम आणि दमट करून आत पाठवते. इंजिनाला थंड हवा हवी, फुप्फुसांना उबदार. स्वच्छ हवा मात्र दोघांनाही लागते. नाकातले केस आणि चिकट स्राव दहा मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण अडवतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. इंजिनात हेच अडवण्याचे काम कागदी फिल्टर करतो. तो काढला किंवा त्या जागी विरळ जाळीचा स्वस्त फिल्टर लावला, तर धूळ सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा घासत राहते. इंजिन ऑइल जाळू लागते, धूर वाढतो आणि हा धूर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातो. पाईपचे तोंड खाली बंपरजवळ नेले असेल, तर पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी इंजिनात शिरून ते एका क्षणात निकामी होऊ शकते.

या भागातली धूळ साधी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ४३ औद्योगिक क्षेत्रे अतिप्रदूषित ठरवली, त्यात चंद्रपूर होते. माजरी परिसरातल्या कोळसा खाणी, घुग्गुसचा सिमेंट आणि लोखंडाचा उद्योग, चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आणि या सगळ्यांना जोडणारी ट्रकची वाहतूक यांमुळे रस्त्यावरच्या मातीत कोळशाची भुकटी, राख आणि वाळूचे बारीक कण मिसळतात. वाळूतली स्फटिकरूप सिलिका श्वासाबरोबर वर्षानुवर्षे आत गेली, तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसांवर पडलेले हे व्रण भरून येत नाहीत आणि अशा रुग्णाला क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सिलिकेची धूळ आणि डिझेलचा धूर, दोन्ही कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत.

आता गॅरेजमधले दृश्य डोळ्यांसमोर आणा. दहा हजार किलोमीटर धावेपर्यंत इंजिनाने हजारो घनमीटर हवा ओढलेली असते आणि तिच्यातली धूळ फिल्टरमध्ये साचलेली असते. मिस्त्री तो फिल्टर हातात धरून कॉम्प्रेसरने ‘हवा मारतो’. महिनोन्‌महिने साचलेली धूळ काही सेकंदांत पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच्या तोंडासमोर उडते. जुगाडाची ऑर्डर आली तर त्यात आणखी भर पडते. पाईप ग्राइंडरने कापताना प्लॅस्टिकची भुकटी उडते. वाक देण्यासाठी पीव्हीसी पाईप आगीवर धरला आणि तो करपला, की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळे, घसा आणि श्वासनलिका जाळतो. दम्याच्या रुग्णाचा त्रास उफाळून येऊ शकतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक कण अडवत नाही आणि वायू तर मुळीच अडवत नाही.

एकदा हवा मारल्याने कोणाला सिलिकोसिस होत नाही, हेही सांगायला हवे. किती धूळ आणि किती वर्षे, यावर सारे अवलंबून असते. पण चौदा-पंधराव्या वर्षी गॅरेजमध्ये लागलेला मुलगा पस्तिशीत येईपर्यंत वीस वर्षे हेच करत असतो. खाणीतल्या कामगाराची ठरावीक मुदतीने तपासणी होते. खाणीत किंवा कारखान्यात धुळीचा आजार आढळला, तर त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. दोन-तीन माणसांच्या गॅरेजला यातले काहीच लागू होत नाही. त्याच गावात, त्याच धुळीत काम करणाऱ्या मिस्त्रीची फुप्फुसे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाहीत. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली लिहून ठेवले की वैद्याने रुग्णाला त्याचा व्यवसायही विचारावा. हा प्रश्न आजही केसपेपरवर अनेकदा कोराच राहतो. तो विचारला गेला पाहिजे आणि खाणपट्ट्यातील जिल्ह्यांत तरी गॅरेज कामगारांसाठी वर्षातून एकदा छातीची तपासणी व्हायला हवी. यासाठी नवे रुग्णालय नको; आहे त्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ठरवला तरी सुरुवात होईल.

तोवर काही गोष्टी सहज करता येतात. गाडीमालकाने जुगाडाच्या पैशांत कंपनीचा नवा कागदी फिल्टर घ्यावा आणि धुळीच्या भागात तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा. हवा मारून तो पुन्हा पुन्हा वापरण्याचा आग्रह धरू नये. हवा मारणे अटळच असेल, तर मिस्त्रीने ते उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि एन-९५ मास्क लावून करावे. कोरडा झाडू मारण्याऐवजी फरशी ओली करून पुसावी. पीव्हीसी आगीवर धरू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण काय काम करतो हे स्वतःहून सांगावे.