पाय भाजतायत? आधी मॅट काढा!

"जुनी डिझेल जीप आहे, तापणारच. जाड मॅट टाका." हा सल्ला देणाऱ्या मिस्त्रीला एकदा त्याच फ्लोअरवर अनवाणी बसवा राव.

टेंपरेचरचा काटा जागेवर आणि फ्लोअर मात्र तवा, तर बहुतेक वेळा दोष सायलेन्सरच्या लाइनीत असतो. सकाळी गाडी थंड असताना, उघड्यावर चालू करा. सायलेन्सरच्या तोंडावर कुणाला तरी जाड ओलं फडकं क्षणभर दाबायला सांगा. बॉनेटखाली फुसफुस वाढली की मॅनिफोल्डचं गास्केट नाहीतर फ्लँज गळतंय. सांध्याला काजळीही दिसेल. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असेल तर खालची गरम हवा थेट आत येते. पाइपवरचा संरक्षक पत्रा तर "खडखडतो" म्हणून कुणीतरी कधीच काढून फेकलेला असतो!

मॅटने चटका झाकतो, धूर नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आपण म्हणतो ऊन लागलं. मागं पोरं बसलेली असतात.

आणि गव्हाच्या रानातून गाडी काढलीत तर पाइपवर अडकलेलं काड त्याच दिवशी काढा, पाइप गार झाल्यावर. ते पेटायला ठिणगी लागत नाही.