माळ्यावरची ट्रंक खाली काढा



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावठाणात शिरलं तेव्हा आपण जनावरं सोडली, धान्याची पोती वर ओढली, म्हातारी माणसं नावेत घातली. कागदांची आठवण कुणाला झाली नाही आणि त्या घाईत ती व्हायचीही नव्हती. पाणी ओसरल्यावर आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली, तर आत लगदा. आजोबांच्या मोडीतल्या वह्या, वाटणीपत्राची नक्कल, आईवडिलांची लग्नपत्रिका, सगळं एकजीव. मी तो लगदा उचलून उन्हात टाकला. ओला कागद सावलीत, वाऱ्याला, वर्तमानपत्रांच्या घड्यांत वाळवायचा असतो, हे मला नंतर कळलं. उन्हात त्याची वीट झाली. ती वीट अजून फडताळात आहे.

त्या विटेमुळेच आम्ही सात-आठ जण एकत्र आलो. गावातल्या प्रत्येक घराची वंशावळ, जुने कागद आणि फोटो यांच्या नकला करून ठेवायच्या, असं ठरवलं आहे. एक प्रत घरात, एक शाळेच्या कपाटात, एक परगावी राहणाऱ्या कुणा भाऊबंदाकडे. पूर एका ठिकाणी येतो, तिन्ही ठिकाणी एकदम येत नाही. यासाठी तुमची मदत हवी आहे.

"आमच्याकडं कुठले आलेत कागद? ते पाटला-इनामदाराच्या घरी बघा," हे उत्तर आम्हाला दहा दारांत मिळालं. त्यातल्या एका दारात, चहा होईपर्यंत, आजीबाईंनी देव्हाऱ्यामागून तांबड्या फडक्यातलं गाठोडं काढलं. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, गिरणीतला बिल्ला, फौजेतून आलेली दोन पोस्टकार्डं आणि पंढरपूरच्या वारीत काढलेला फोटो होता. अशा गाठोड्याला जुन्या दप्तरांत रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही असेच रुमालांत बांधून ठेवलेले. तेव्हा तुमच्या घरीही दप्तर आहे. फक्त त्याला दप्तर म्हणायची सवय नाही.

आपल्या भागात वंशावळ सांगायचं काम हेळवी करत. बैलावर बसून यायचे. कन्नडात हेळव म्हणजे पांगळा, म्हणून ही बैलाची स्वारी, असं सांगतात. दारात आले की मूळ पुरुषापासून नावं म्हणायला लागायचे: कोण कुठल्या गावाहून आला, त्याला किती मुलगे, कुणाचा वंश खुंटला, कुठली शाखा नदीपलीकडं गेली. घरात नातू झाला असेल तर त्याचं नाव वहीत चढायचं आणि हेळव्याला धान्य, कापड, एखादं भांडं मिळायचं. लहानपणी आम्हाला त्याच्यापेक्षा बैलाचं कौतुक जास्त. आता आमच्याकडं येतात ते साठीचे गृहस्थ मोटारसायकलवर येतात. त्यांचा मुलगा एका कारखान्यात लागला आहे आणि वह्यांचं पुढं काय होणार, हे त्यांनाच ठाऊक नाही. यंदा ते आले की दक्षिणा देऊन लगेच वाटेला लावू नका. जेवायला बसवा, शाळेत निरोप पाठवा. त्यांची परवानगी घेऊन, त्यांचा योग्य मान ठेवून, आपल्या गावापुरती पानं उतरवून घेऊ. वही त्यांचीच राहील. ती त्यांची पोटाची भाकर आहे, फुकट लुटायची वस्तू नव्हे.

तीच गोष्ट तीर्थोपाध्यायांची. नाशिकच्या पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात तर गाव आणि आडनाव सांगा. उपाध्ये नामावळीचं बाड काढतात आणि त्यात कधीकधी पणजोबांची मोडी सही सापडते. पिंडदानाला किंवा अस्थी घेऊन गेलेल्या माणसानं बरोबर कोण होतं, घरात कोण कोण आहे, हे तिथं लिहून ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी कुणी गेलं तर नुसतं दर्शन घेऊन येऊ नका.

सरकारी कागदांचं म्हणाल, तर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी दाखल्याला लागणाऱ्या नोंदींसाठी अर्धा महाराष्ट्र तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात शिरला. गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्याचं नाव पोराटोरांच्या तोंडी आलं. त्या वेळी मोडी वाचणाऱ्याला डॉक्टरइतका भाव होता. दाखला हवा म्हणून शोधणं हा ज्याचा त्याचा हक्क; पण दाखला मिळाला की कागद पुन्हा बासनात, हे मात्र पटत नाही. ज्यांनी त्या वेळी नकला काढल्या, त्यांनी त्यांची एकेक झेरॉक्स आम्हाला द्यावी. जुने फेरफारही पाहा. वारस नोंदीचा एक फेरफार म्हणजे एका कुटुंबाचं अख्खं झाडच असतं. शाळेचं जनरल रजिस्टर तर आपल्या हाताशी आहे. फक्त त्यातली जन्मतारीख गंभीरपणे घेऊ नका. गुरुजींनी एक जूनला निम्मं गाव जन्माला घातलेलं आहे.

वाड्यातल्या आणि वाड्याबाहेरच्या कागदांत एक फरक आहे, तो स्पष्ट बोलायला हवा. कुलवृत्तांत छापायची प्रथा वाढली ती मुख्यतः कोकणस्थ घराण्यांत. त्यांनी ते काम चिकाटीनं केलं, मान्य. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवत फिरले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड निघाले, त्यांतले कागद बहुतेक सरदार, कारकून आणि मठ-देवळांचे. कुंभार, न्हावी, रामोशी, महार, मांग यांच्या घरी दप्तर नव्हतं, असं आपण गृहीत धरून बसलो. पण वतन वारसानं चालायचं आणि वारस सिद्ध करायला वंशावळ लागायची. १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं. ज्या जमिनींवर इनाम वर्ग ६ ब असा शेरा होता, त्यांचे कागद मागं उरले आहेत. त्यांत पणजोबा-खापरपणजोबांची नावं मिळू शकतात. बौद्धवाड्यातल्या आणि मातंगवस्तीतल्या तरुणांनी या कामात पुढं यावं, अशी आमची खास विनंती आहे. ती माहिती तुमच्या हातानं, तुमच्या शब्दांत लिहिली जावी.

आणि बायका. आमच्या घराण्याच्या सात पिढ्या हेळव्यांनी म्हणून दाखवल्या, त्यात एकाही बाईचं नाव आलं नाही. मुलगा जन्मला की फांदी वाढते, मुलगी जन्मली तर वही कोरी. लग्नात नाव बदललं की माहेरचं नावही पुसलं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तरी वारस नोंदीची वेळ आली की बहिणींची नावं 'नजरचुकीनं' राहतात किंवा हक्कसोडपत्रावर सही घेऊन वाट मोकळी होते. आमच्या वंशावळीत लेकी-सुनांची नावं माहेरच्या गावासकट येतील. ज्या घराला हे चालणार नाही, त्या घराची वंशावळ आम्ही अर्धी म्हणूनच नोंदवू. म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. त्यात भावाचं, भाच्याचं, माहेरच्या वाटेवरच्या गावाचं नाव येतंच. कागदावर न चढलेल्या घराची तेवढी खूण कधी कधी तिथंच उरलेली असते.

काहींच्या मनात वेगळीच शंका आहे, ती आम्ही ऐकली आहे: कागद दाखवला की भाऊबंद जमिनीत हिस्सा मागतील. म्हणून सांगतो, मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्यासमोर मोबाईलवर फोटो घेऊ आणि कागद तिथंच परत देऊ. जमिनीची पानं दाखवायची नसतील तर दाखवू नका. दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेलं माणूस, अशा गोष्टी सांगायच्या की नाही, हे घरानं ठरवावं. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते आम्ही नोंदणार नाही. आणि कुणाच्या दाखल्याच्या, कोर्टाच्या कामात आम्ही पडणार नाही.

मोडी कागद वाचण्यासाठी तालुक्याचे एक निवृत्त लिपिक दर रविवारी येणार आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे नाव कुठं संपलं आणि आडनाव कुठं सुरू झालं, याचाच घोळ होतो. घरात जे मूळ गाव, कुलदैवत आणि देवक सांगतात ते लिहून आणलंत, तर पुष्कळ मदत होईल. तारखांचंही तसंच. कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. एखाद-दुसऱ्या वर्षाचा फरक महिन्यानुसार पडतो. शुहूर सन दिसला तर मात्र घाई न करता लिपिकांनाच विचारा.

कागदांची काळजी घ्यायची ती अशी. लॅमिनेशन करू नका, कागद आतल्या आत खराब होतो आणि परत सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. घडी जोरानं उलगडू नका. पिना गंजल्या असतील तर त्या काढायचं काम आमच्यावर सोडा. सुती धुतलेल्या फडक्यात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. ट्रंक जमिनीवर असेल तर आजच माळ्यावर टाका, आणि माळ्यावर असेल तर या कामापुरती खाली काढा.

दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, जुन्या शाळेच्या पहिल्या खोलीत, पुढच्या यात्रेपर्यंत हे चालेल. परगावच्या मंडळींनी यात्रेला येताना कागद आणावेत. ज्यांचे आई-वडील ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांनी रविवारचीही वाट पाहू नये. निरोप द्या, आम्ही घरी येतो. घरातले जुने फोटो मात्र सगळे आणा आणि म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येकाच्या मागं नावं लिहा. लिहिताना पेन्सिल वापरा, बॉलपेनचा वळ फोटोच्या पुढच्या बाजूला उमटतो.